आत्याच्या जागचं यंत्र

खांद्याच्या डॉक्टरांनी उजवा हात वर करायला सांगितला, तेव्हा आत्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथं हट्टी बैलासारखा थांबला. डॉक्टरांनी तो हलकेच पुढं ढकलून पाहिला. आत्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बाहेर बसलेले दोन पेशंट ‘उद्या येतो’ म्हणून घरी गेले.

“या हातानं करता काय तुम्ही एवढं?” डॉक्टरांनी विचारलं.

“भाचीला चेंडू टाकते. टेनिस खेळते ती.”

“किती वेळ?”

“ती दमेपर्यंत.”

“आणि ती कधी दमते?”

“अजून तरी दमलेली नाही.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी चष्मा काढला की बातमी वाईट असते. “यापुढं या हातानं चहाचा कप उचलायचा,” ते म्हणाले. “तोही अर्धा भरलेला.”

आत्या घरी आली ती हात गळ्यात अडकवून. काही हरवून आलेलं माणूस दारात जरा जास्तच ताठ उभं राहतं, तशी ती उभी राहिली आणि म्हणाली, “भूक लागलीय मला.”

आत्या निवृत्त होईपर्यंत बसस्थानकावर घोषणा करत असे. काचेच्या खोलीत बसायचं, बटण दाबायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आहे ते जगाला सांगायचं. तिचा आवाज असा होता की ‘गाडी दोन तास उशिरा सुटेल’ हे ऐकूनसुद्धा आपलं काहीतरी भलं झालंय असं माणसांना वाटे. काही जण तर त्या आवाजाच्या गुंगीत आपलीच गाडी चुकवत. फक्त एक खोड होती. घोषणेआधी ती बारीकसं खाकरायची, आणि ते बटण दाबून झाल्यावर. ‘आधी खाकरा, मग दाबा,’ असं साहेबांनी एकदोनदा सांगून पाहिलं. पण घसा काही सरकारी नोकर नव्हता, त्यानं आदेश मानला नाही. लोकांना त्याची इतकी सवय झाली की आत्या खाकरली की गाडी कुठली हे कळायच्या आत निम्मं प्रतीक्षालय सामान उचलून उभं राही, आणि आपली नाही असं कळलं की पुन्हा बसे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या दिवशी ती सकाळी उठली, खाकरली, आणि तिच्या लक्षात आलं की पुढं सांगायला काहीच नाही.

त्याच सुमारास भाऊरायाची पोरगी भिंतीवर चेंडू मारायला लागली होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती फक्त झोपेत असे, आणि तेही पूर्णपणे नाही. भाऊ दातांचा डॉक्टर. आयुष्यभर समोरच्याचं तोंड उघडं ठेवून बोलत आल्यामुळं आपल्या मताला कुणाचा विरोध नसतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. भिंगरीची आई बाहेरगावी नोकरीला, सुट्टीला घरी येणारी. आली की तिचे दोन प्रश्न ठरलेले: ‘जेवलात का?’ आणि ‘जिंकली का?’ दोन्हींचं उत्तर साधारण एकच असे: ‘थोडंसं.’

अशा घरात चेंडू टाकायला मोकळं माणूस एकच होतं. आत्यानं स्वतः कधी खेळायचं म्हणून रॅकेट धरली नव्हती, पण जाळीपलीकडं उभं राहून चेंडू हलकेच पाठवणं तिला जमलं. या कामाला खेळाडू ‘फीडिंग’ म्हणतात, म्हणजे भरवणं. आणि आत्या खरोखरच तसंच करी. एक घास चिऊचा, एक घास काऊचा.

त्या संध्याकाळच्या वेळा आत्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर वेळा होत्या, असं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. ऊन तिरपं व्हायचं. कोर्टाच्या भेगांमधून गवताची पाती सोनेरी दिसायची. टोपलीत हात घालायचा, खाकरायचं, चेंडू पाठवायचा. पलीकडून टण्‌ असा गोल, भरलेला आवाज यायचा. पुन्हा टोपली, पुन्हा खाकरणं, पुन्हा टण्‌. हळूहळू आत्याला आपण कोर्टावर उभ्या आहोत की उन्हावर, हेच कळेनासं व्हायचं. चेंडू वर गेला की क्षणभर तिथंच राहायचा, खाली यायचं की नाही याचा विचार करत. आत्याची काही घाई नसे. तीही वर बघत राही.

आता हे सगळं यंत्र करणार होतं.

“ताई, तूच निवड,” भाऊ म्हणाला. जेवणाच्या टेबलावर त्यानं माहितीपत्रकं पत्त्यांसारखी पसरली होती. “तिला चेंडू कसा लागतो हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?”

“बाळ्या, सवत निवडायला कुणी बायकोलाच पाठवतं का रे?”

“आत्या!” भिंगरी हसता हसता पाणी सांडून बसली.

“हसू नकोस गं. निवड स्पर्धा तोंडावर आलीय तुझी.”

भिंगरी हसायची थांबली. कारण सगळं घोडं तिथंच अडलेलं होतं. सरावात भिंगरी अशी खेळे की शेजारच्या कोर्टावरचे लोक आपला खेळ सोडून बघायला येत. आणि सामन्यात उतरली की ती दुसरीच कुणी होई. प्रशिक्षकांच्या हाताखाली ढीगभर पोरं. प्रत्येकाच्या वाट्याला त्यांचं एक वाक्य येई. भिंगरीच्या वाट्याला आलेलं वाक्य होतं, ‘सामन्यात हिचे पाय झोपतात.’ भावानं त्यावर पुष्कळ उपाय केले. श्वासाचे व्यायाम झाले, मन खंबीर करणारी पुस्तकं झाली, सामन्याआधी केळं खायचं की नंतर यावर चर्चा झाल्या. केळी संपली, पाय झोपायचे ते झोपलेच. यंदा संघात निवड झाली नाही, तर भिंगरी वयाची अट ओलांडून जाणार होती. पुढच्या वर्षी भिंगरी हा प्रश्न ‘मोठ्या’ खेळाडूंमध्ये विचारला जाणार होता, आणि तिथं उत्तर द्यायला रांग लागलेली असते.

“मला यंत्र नकोच,” भिंगरी म्हणाली. “आत्याच टाकेल. डाव्या हातानं.”

“डाव्या हातानं मला भात कालवता येत नाही,” आत्या म्हणाली. पण तिच्या पोटात काहीतरी ऊबदार हललं, आणि त्याची तिला जरा लाजही वाटली.

दुपारी तिला डुलकी लागली. स्वप्नात ती काचेच्या खोलीत होती. प्रतीक्षालयातल्या बाकांवर माणसांऐवजी पिवळे चेंडू बसले होते, प्रत्येकाजवळ एक लहानशी पिशवी. आत्यानं एकेकाला पुकारलं: डाव्या कोपऱ्याकडं जाणारे, जाळीजवळ उतरणारे, रेषेवर थांबून पुढं जाणारे. चेंडू उठत, पिशवी सावरत आणि खिडकीतून तरंगत निघून जात. शेवटी एक म्हातारा, केस झडलेला चेंडू उरला. ‘तुम्हाला कुठं जायचंय?’ आत्यानं विचारलं. तो म्हणाला, ‘मी तुम्हाला न्यायला आलोय.’ आत्या दचकून उठली, तर भाऊ दारात गाडीची किल्ली वाजवत उभा होता.

खेळाच्या सामानाचं ते दुकान पुढून अगदी साधं होतं. बूट, मोजे, घाम पुसायच्या पट्ट्या. पण मागच्या दारातून आत गेलं की मोठं गोदाम लागे, आणि त्यात हिरवा गालिचा अंथरून, जाळी लावून एक कोर्ट मांडलेलं होतं. उंच छतातल्या काचांमधून दुपारचा उजेड दुधासारखा खाली उतरत होता. त्या उजेडात धुळीचे कण इतक्या सावकाश फिरत होते की आत्याला वाटलं, आपण अजून स्वप्नातच आहोत. भिंतीकडेला पांढऱ्या चादरी पांघरून यंत्रं उभी होती.

दुकानदार एके काळी चांगला खेळाडू असावा. आता त्याचं पोट त्याच्या आधी चेंडूपर्यंत पोचलं असतं. त्यानं पहिली चादर अशा अदबीनं उचलली की उपवर मुलीच्या बापानं बघून शिकावं.

“हे आमचं जुनं, खानदानी. हवेच्या दाबावर चालतं. स्वभावानं सरळ. थोडं जड आहे, पण म्हणतात ना, चांगल्या घरचं आहे.”

“काम काय करतं?” भावानं विचारलं.

“चेंडू टाकतं.”

“दुसरं काही?”

“नाही. निर्व्यसनी आहे.”

भिंगरी जाळीपलीकडं जाऊन उभी राहिली. यंत्र सुरू झालं. चेंडू सोडण्याआधी ते पोटात हवा भरून घेत होतं. दम्याच्या हत्तीनं श्वास ओढावा तसा आवाज होई, हुऽऽप्‌, आणि मग फट्‌. भिंगरीनं पहिला चेंडू थेट कोपऱ्यात मारला. दुसरा दुसऱ्या कोपऱ्यात. मग काही विचारायला नको. हुऽऽप्‌, फट्‌, टण्‌. हुऽऽप्‌, फट्‌, टण्‌. छताखाली चेंडू ये-जा करू लागले, आणि मधल्या उजेडातून जाताना प्रत्येक चेंडू क्षणभर पेटल्यासारखा दिसे.

आत्याच्या काळजात बारीक कळ आली. ‘माझ्यासारखंच टाकतंय मेलं,’ तिला वाटलं. पण मग तिनं यंत्र जरा जवळून पाहिलं. चाकं लहान होती, ढकलायला माणूस लागलं असतं. बटणं यंत्राच्या पाठीवर होती, दाबायला माणूस लागलं असतं. टोपली भरायलाही माणूस लागलं असतं. आत्यानं मनातल्या मनात स्वतःला त्या यंत्राशेजारी उभं करून पाहिलं: एक हात गळ्यात, दुसरा यंत्राच्या पाठीवर, आणि तिरपं ऊन. चित्र वाईट नव्हतं.

“पसंत आहे,” ती म्हणाली.

“अहो, दुसरं बघा तर खरं. बघायला काय जातंय?” दुकानदारानं दुसरी चादर उचलली.

दुसरं यंत्र प्रवासाच्या बॅगेएवढं होतं. आत दोन चाकं एकमेकांविरुद्ध फिरत आणि त्यांच्या फटीतून चेंडू बाहेर पडे. आवाज होता तो फक्त सतत गुणगुणण्याचा, लांब कुठंतरी मधमाशांचं पोळं असावं तसा. चेंडू कधी सुटणार हे ते सांगत नव्हतं, आणि कुठं सुटणार हेही नाही, कारण तोंड फिरायचं ते आतल्या आत. रिमोट खेळणाऱ्यानं स्वतःच्या खिशात ठेवायचा.

“मितभाषी आहे,” दुकानदार म्हणाला.

भिंगरी रॅकेट सावरून उभी राहिली. चेंडू आला आणि तिच्याजवळून निघून गेला. तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. दुसरा आला, त्याला तिनं रॅकेटची नुसती कड लावली. तिसरा, चौथा, प्रत्येक वेळी ती अर्ध्या पावलानं मागं. टाचा जमिनीला चिकटल्यासारख्या, एखाद्या खिडकीपुढं आपला नंबर यायची वाट बघत असल्यासारख्या. चेंडू मागच्या पडद्यावर आपटून खाली गोळा होत होते.

“यात काहीतरी बिघाड आहे,” भाऊ ठामपणे म्हणाला.

“डॉक्टरसाहेब, यंत्र ठणठणीत आहे.”

“मग माझी मुलगी बिघडलेली आहे का?”

“मी तसं कसं म्हणेन? गिऱ्हाईक आहात तुम्ही.”

भिंगरीचा चेहरा पडला होता. सामना हरल्यावर पडायचा, अगदी तसा. आत्याला सामना बघवत नसे, ती फाटकाबाहेर बसे; पण तिथून तो चेहरा तिनं इतक्या वेळा घरी आणला होता, त्याला खाऊ घातलं होतं, झोपवलं होतं, की तिला तो लांबून ओळखू आला.

दुकानदार समंजस होता. “ताई, असं करा. तुम्ही नेहमी कसा चेंडू टाकता तो मला दाखवा. त्याप्रमाणं मी याचा वेग लावून देतो.”

“एका हातानं?”

“नुसता अंदाज येऊ दे.”

आत्या जाळीपाशी गेली. डाव्या हातात चेंडू घेतला. समोर भिंगरी. आत्या खाकरली आणि चेंडू फेकायला गेली. पण डाव्या हाताला कामाची सवय नव्हती, चेंडू निसटून तिच्याच पायाशी पडला.

“अरे वा,” भाऊ म्हणाला, “हे यंत्र तर त्याहून मितभाषी.”

दुकानदार हसला. आत्या हसली नाही. तिनं काहीतरी पाहिलं होतं. चेंडू जागचा हलला नव्हता, पण भिंगरी हलली होती. टाचा उचलून, गुडघे मोडून, रॅकेट मागं नेऊन ती तयार होती.

आत्यानं चेंडू उचलला. पुन्हा उभी राहिली. घशात आलेलं खाकरणं तिनं मोठ्या कष्टानं गिळलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं, आणि न खाकरता चेंडू फेकला. सोपा, लहान मुलानं मारावा असा. भिंगरी टाचा टेकून उभी होती. चेंडू तिच्या अंगाजवळ पोचला तेव्हा ती जागी झाल्यासारखी दचकली आणि तो जाळीत मारला.

तिसऱ्या वेळी आत्यानं हातात चेंडू घेतलाच नाही. फक्त खाकरली.

भिंगरी तीरासारखी उडाली.

गोदामातला उजेड आत्याला एकदम खूप लांब गेल्यासारखा वाटला. त्या उजेडात तिला बाकांवरून सामान उचलून उठणारी माणसं दिसली. गाडी कुठली ते न ऐकताच उठणारी, भाबडी, विश्वासू माणसं. आपण इतकी वर्षं प्रेमानं एका पोरीला चेंडू भरवतोय असं तिला वाटत होतं. पोरगी चेंडूकडं बघतच नव्हती. ती आत्याचा घसा ऐकत होती. आणि सामन्यात जाळीपलीकडं उभी असलेली मुलगी कशाला खाकरेल?

यातलं काही कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाऊ पहिल्या यंत्राच्या पाठीवर थोपटत होता. “हेच घेऊ. तिचं जमतंय याच्याशी. ठरलं ना, ताई?”

थोपटताना पाठीवरचं बटण दाबलं गेलं आणि यंत्रानं एक श्वास ओढला. हुऽऽप्‌. भिंगरीच्या टाचा आपोआप उचलल्या गेल्या.

आत्याला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. हो म्हटलं की यंत्र घरी येणार होतं, आणि यंत्राशेजारची जागा तिची होती. ऊन तिरपं होणार होतं, चेंडू वर थांबणार होते, शेजारचे लोक खेळ सोडून बघायला येणार होते. आणि भिंगरी संघातून गळणार होती. पण त्यासाठी पुस्तकं होती, केळी होती, मनाचा खंबीरपणा होता. कुणी आत्याला दोष दिला नसता. तो मोह एवढा मऊ होता की उशीसारखा त्यावर डोकं टेकावं.

“दुसरं घ्यायचं,” आत्या म्हणाली.

“अगं, त्याच्याशी तिचं अजिबात जमत नाही!”

“म्हणूनच. भिंगरी, इकडं ये. डोळे मीट.”

भिंगरी जवळ आली. डोळे मिटले. आत्या खाकरली. मिटल्या डोळ्यांनी भिंगरी चवड्यांवर उभी राहिली.

“आता उघड. आणि स्वतःच्या पायांकडं बघ.”

भिंगरीनं खाली पाहिलं. ते पाय दुसऱ्या कुणाचे असावेत आणि आपण चुकून घालून आलो असू, असं ती बघत राहिली. मग हळूच टाचा टेकवल्या.

“म्हणजे... मी तुझ्या खाकरण्यावर खेळते?”

“असं दिसतंय.”

“आणि समोरची खाकरत नाही म्हणून हरते?”

भाऊ विचारात पडला होता. “पंचांना भेटून विनंती केली तर? प्रत्येक खेळाडूनं आधी खाकरायचं, असा काही नियम—”

“बाळ्या, गप्प बस.”

घरी येताना गाडीत भिंगरी मागं यंत्राशेजारी बसली होती. बराच वेळ खिडकीबाहेरचे दिव्यांचे खांब मोजल्यासारखी बघत होती.

“तू मुद्दाम केलंस?” अखेर तिनं विचारलं.

“नाही गं.”

“मला पण कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. मग मी रागवू कुणावर?”

“यंत्रावर रागव. ते मनाला लावून घेत नाही.”

भिंगरीनं यंत्राला एक चापट मारली. मग कपाळ त्याच्यावर टेकवलं, आणि घर येईपर्यंत तसंच ठेवलं.

पहिले काही दिवस कोर्टावरचं दृश्य बघवत नव्हतं. यंत्र गुणगुणे, चेंडू सुटे आणि भिंगरी त्याला जाऊ देई. शेजारच्या कोर्टावरचे लोक आता शिष्टाचार म्हणून दुसरीकडं बघत. आत्या कडेच्या बाकावर बसे, आणि तिथंच सगळा घोटाळा होई. समोर टेनिस दिसलं की तिचा घसा आपोआप कामाला लागायचा. यंत्राचा नेम नव्हता, आत्याच्या घशाचा त्याहून नव्हता. आत्या खाकरली की भिंगरी उडे, चेंडू त्यानंतर सावकाश येई. दोन मालकांच्या चाकरीत नोकराचं जे होतं ते भिंगरीचं झालं. आत्यानं पेपरमिंटच्या गोळ्या चघळून पाहिल्या, तोंडाला रुमाल लावून पाहिला. रुमालातून खाकरलं की दुःखद प्रसंग असल्यासारखं वाटे, एवढाच फरक.

एका संध्याकाळी भिंगरी कडेला आली. घामानं निथळत होती. तिनं रॅकेटच्या तारा उगाच सरळ केल्या.

“आत्या... तू जरा घरी बसशील का?”

“बसते की.”

“रागावलीस?”

“छे. मला तरी कुठं रोज ऊन सोसतंय?”

एवढं बोलून आत्या उठली आणि चालत निघाली. घरी मात्र गेली नाही. घरी जाऊन करायचं काय? रस्ता ओलांडून, उतार चढून गेलं की पाण्याच्या टाकीपाशी एक दगडी कठडा होता. तिथून कोर्ट दिसे, पण काडेपेटीएवढं. आत्या तिथं बसली आणि मनसोक्त खाकरली. कोर्टावर कुणी उडालं नाही.

इतक्या लांबून एक गंमत होत होती. भिंगरीचा हात फिरताना आधी दिसे, आणि आवाज मागून येई. फटका बसलेला, चेंडू निघालेला, आणि मग वाऱ्यावरून कधीतरी, विसरलेली गोष्ट आठवावी तसा, टण्‌. काही वेळा हात फिरलेला दिसूनही मागून काहीच येत नसे; मग समजायचं, चेंडू हुकला. आत्याला त्या उशिराची चटक लागली. ती रोज येऊन बसू लागली. खाली शहर धुरकट होत जाई, एकेक खिडकी उजळे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हिरव्या काडेपेटीत एक पांढरा ठिपका इकडून तिकडं धावे.

आणि मग आत्याला एक विचित्र गोष्ट समजली. तिनं भिंगरीला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. इतकी वर्षं तिनं पाहिली होती ती टोपली. भिंगरीनं चेंडू मारला की आत्याचा हात पुढच्या चेंडूकडं आणि डोळे हाताकडं. भिंगरीचा खेळ तिनं कानांनी ऐकला होता. दोघी एकमेकींना ऐकत होत्या, आणि बघत कुणीच नव्हतं.

आता ती बघू लागली. डावीकडचा फटका मारण्याआधी पोरगी जीभ बाहेर काढते. चेंडूची वाट बघताना तापलेल्या फरशीवर उभं असल्यासारखी बारीक बारीक नाचते. चुकली की रॅकेटकडं अशी बघते की जणू तीच काहीतरी वावगं बोललीय. हे सगळं इतक्या लांबून दिसणं शक्य नाही, असं कुणी म्हणेल. आत्याला दिसत होतं.

दिवस गेले, आणि मागून येणारे आवाज वाढू लागले. आधी अधूनमधून, मग ओळीनं. एक दिवस आत्याला जाणवलं की बऱ्याच वेळात एकही हात मुका गेलेला नाही. यंत्र काही सांगत नव्हतं, आणि भिंगरी त्याला काही विचारतही नव्हती. चेंडू फटीतून निसटायच्या क्षणी तिच्या टाचा उचललेल्या असत.

निवड स्पर्धेला भाऊ पुढच्या रांगेत बसला. आत्या मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथं पाण्याच्या बाटल्या विकणारासुद्धा येत नाही. भिंगरीनं खालून शोधलं तिला, हात केला, आणि स्वतःच्या घशाकडं बोट दाखवून डोळे वटारले. आत्यानं तोंडावर हात ठेवला.

समोरची मुलगी उंच होती आणि तिची सर्व्हिस वीज पडावी तशी येई. ती ना खाकरत होती, ना कण्हत होती. तोंडानं शिव्या देण्याइतकीही माणुसकी तिच्यात नव्हती. पहिला सेट भिंगरी हरली. पण पाय जागे होते. आत्याला वरून दिसत होतं. हरतानाही ती चेंडूकडं बघून हरत होती, आणि हे घरात पहिल्यांदाच घडत होतं.

पुढं काय आणि किती झालं ते आत्याला नंतर भावाकडून ऐकावं लागलं. गुण मोजायचे तिला सुचलंच नाही. दुपार कलली, कोर्टावर मोठ्या झाडांच्या सावल्या आल्या, चेंडू सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत जात राहिला. एकदा तो इतका उंच उडाला की उन्हात विरघळून गेला, आणि सगळं मैदान मान वर करून त्याची वाट बघू लागलं. फक्त आत्या वर बघत नव्हती. ती खाली बघत होती, जिथं पांढऱ्या कपड्यांतली एक पोरगी जीभ बाहेर काढून, बारीक बारीक पावलं टाकत, चेंडू जिथं पडणार होता बरोबर तिथं जाऊन उभी राहिली होती.

मग टाळ्या झाल्या. मग भाऊ पायऱ्या चढत, धापा टाकत वर आला.

“ताई! जिंकली! यादीत नाव येतंय, प्रशिक्षक स्वतः म्हणाले! अगं, ऐकतेस ना?”

“बाजूला हो जरा,” आत्या म्हणाली. “मधे येतोयस.”

“अगं, पण सामना संपला! आता काय बघायचंय?”

खाली भिंगरी रॅकेट पिशवीत घालत होती. चेन अडकली. तिनं पिशवी गुडघ्यांत धरली, चेन ओढली, पुन्हा ओढली, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून दातांनी ओढली.

आत्या बघत होती.